एकाच डिपॉझिटवर चालणारं शहर

घर बदलायचं म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. दोन महिने आधी यादी करा, अडगळ काढा, खोक्यांवर नंबर टाका, काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळा. सगळं खरं. फक्त हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या घरात राहत असतो. भाड्याच्या घरातल्या माणसाला दोन महिने आधी काहीच ठाऊक नसतं. महिनाभर आधी मालकाचा फोन येतो, की मुलगा परत येतोय, तुम्ही सावकाश बघा, घाई नाही, पण एक तारखेला चावी द्या. मुलगा येत नाही. पंधरा दिवसांनी त्याच हॉलचे त्याच पडद्यांसकट फोटो ऑनलाइन दिसतात, भाडं चार हजारांनी वाढवून.

तर नियोजन. खोकी, दोरी, चिकटपट्टी हे नियोजन नव्हेच, तो व्यायाम झाला. नियोजन डिपॉझिटचं करावं लागतं.

समजा वाकडला किंवा बाणेरला 25,000 भाडं आणि 1 लाख डिपॉझिट ठरलं. नवा मालक म्हणतो, पूर्ण पैसे आल्याशिवाय चावी नाही. जुना मालक म्हणतो, चावी आल्याशिवाय पैसे नाहीत. आणि चावी दिल्यावर हळूच सांगतो, की नवीन भाडेकरू आला की लगेच देतो. तो नवीन भाडेकरू औंधच्या मालकाकडून पैसे सुटायची वाट बघतोय. औंधवाला कोथरूडच्या कुटुंबाची वाट बघतोय. माझा दाट संशय आहे की अख्ख्या पुण्यात डिपॉझिट एकच आहे. महिनाअखेरीला ते या सोसायटीतून त्या सोसायटीत फिरतं आणि बाकीचे सगळे ‘उद्या सकाळी ट्रान्सफर करतो’ एवढ्या आश्वासनावर सामान बांधतात.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं त्यात लिहिलंय. पण नावातच आदर्श. राज्यांनी बघून शिकावं म्हणून पाठवलेला नमुना तो, आणि आदर्शांचं आपण काय करतो ते शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरींना विचारा. तोवर व्यवहार असा, की करार करतानाच डिपॉझिट किती दिवसांत परत आणि त्यातून नेमकं काय कापणार, हे लिहून घ्यायचं. चावी आणि पैसे एकाच टेबलावर, एकाच वेळी. मालकाला हे आवडत नाही. ‘आपल्यात कशाला एवढं’ म्हणतो. आपल्यात म्हणूनच हो! परक्याशी आपण व्यवहार नीट करतो.

आता त्या कराराकडे वळू. अकरा महिन्यांचा. अकराच का, असं दलालाला विचारून बघा. तो तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की जणू तुम्ही आठवड्याला वार सातच का, असं विचारलंत. गोष्ट जुनी आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती बुजवली. कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचं असो, ते लेखी हवं आणि नोंदवलेलंच हवं. शिवाय नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कागदच नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरून चालायचं! पळवाट बुजली, पण अकरा महिने तसेच राहिले. मुद्रांक शुल्काचा 0.25 टक्के हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला एकच असतो. मग दोन-तीन वर्षांचा करार, दरवर्षीची वाढ आधीच ठरवून, का करत नाहीत?

हिशेब करून बघू. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं 2 लाख 75 हजार. त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज मिळवलं, तरी मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. म्हणजे सरकारचं समाधान दोन हजारांच्या आत होतं. दलालाचं एका महिन्याच्या भाड्यात. बहुतेक ठिकाणी नूतनीकरणाला तो पुन्हा उगवतो आणि पुन्हा काहीतरी घेतो, अंगठ्याचं मशीन घरी आणून दिलं म्हणून. अकरा महिन्यांमागचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

एक मात्र मालकाच्या बाजूचं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं भरावं लागतं, कलम 24. तेव्हा जुनं आणि नवं घर चार-पाच दिवस एकत्र हातात ठेवायचं असेल, तर ते दिवस जुन्या कराराच्या मुदतीत बसवा. त्या दिवसांचं दोन घरांचं भाडं टोचतं, पण एकाच दिवसात एक घर रिकामं आणि दुसरं भरलेलं, हे फक्त जाहिरातीत जमतं.

सोसायटीबद्दल जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. सामान सकाळी 10 ते 5, रविवारी नाही, लिफ्टला पुठ्ठे लावा, शिफ्टिंगचे वेगळे पैसे. सरकारने 2001 मध्ये, घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या ना-वापर शुल्कावर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणून सेक्रेटरींची कल्पकता इतर शीर्षकांकडे वळली असावी. जुन्या गेटमधून बाहेर पडायला एक पत्र, नव्या गेटमधून आत शिरायला दुसरं. मधल्या रस्त्यावर, छोट्या हत्तीच्या मागे गादीवर बसलेले तुम्ही तेवढा वेळ कुठल्याच सोसायटीचे नसता. तो वेळ चांगला जातो.

बांधाबांधीच्या शास्त्रावर पुस्तक निघायला हवं. संध्याकाळी सहा वाजता खोक्यांवर सुवाच्य अक्षर असतं: ‘देव’, ‘मसाल्याचे डबे’, ‘पुस्तकं – वजनदार’. रात्री अकरानंतर ‘किरकोळ’. मग ‘किरकोळ 2’. शेवटच्या खोक्यावर नुसतं ‘बघू’. नव्या घरात पहिल्या सकाळी जे जे लागतं ते सगळं ‘बघू’मध्ये असतं. कुकर सापडतो, शिट्टी सापडत नाही. दूध उतू घालवायचं तर गॅस आलेला नसतो. इंडक्शनवर ते उतू जातं आणि शेगडी टुंई करून बंद पडते. शकुन झाला की अपशकुन, यावर सासूबाई आणि आई यांची फोनवर वेगवेगळी मतं. तेव्हा शिट्टी, चहा, मोबाइलचा चार्जर, रोजची औषधं आणि करार एका पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत नाही, स्वतःच्या खांद्याला.

पत्त्याची कामं त्याच आठवड्यात उरकावीत, नंतर होत नाहीत. लाइटबिल मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असतं, त्यामुळे पुरावा म्हणून नोंदवलेला करारच कामाला येतो. आधार बदला. मतदार यादीसाठी फॉर्म 8 भरा, नाहीतर दर निवडणुकीला जुन्या वॉर्डातला नगरसेवक निवडायला रिक्षाने जावं लागतं आणि नव्या वॉर्डातल्या खड्ड्यांवर बोलायचा हक्क उरत नाही.

राहता राहिले खिळे. डिपॉझिटच्या हिशेबाला मालक येतात तेव्हा ते घर बघत नाहीत, भिंत बघतात. तर्जनी भोकावर ठेवतात, डोळा बारीक करतात. ‘हा तुमचाच ना?’ कॅलेंडरचा खिळा, घड्याळाचा खिळा, आणि कुणीच न ठोकलेला तिसरा, जो त्या भिंतीत इमारत झाल्यापासून असावा. पेंटिंगचे म्हणून एका महिन्याचं भाडं जातं. आपण ज्या पिवळट भिंतींत राहायला आलो त्या भिंती रंगवायचे पैसे आपल्या आधीच्या माणसाकडूनही कापलेले असतात, हे त्या आधीच्या माणसाची गाठ पडली तरच कळतं. रंग मात्र तोच.

त्यावर उपाय एकच. नव्या घरात सामान यायच्या आधी, रिकाम्या खोल्यांतून सावकाश फिरत व्हिडिओ काढायचा. प्रत्येक खिळा, प्रत्येक ओल, बाथरूमचा हलणारा नळ, खिडकीची तडकलेली काच. तारखेसकट तो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि खाली नम्रपणे लिहायचं, ‘काका, घर छान आहे. आल्यावरची स्थिती पाठवत आहे, नोंद असावी.’

दोन टिका निळ्या होतात. काका थोडे थांबतात. मग अंगठा येतो. त्याच्या पाठोपाठ संदेश: ‘भाडं 5 तारखेच्या आत टाकत जा. आणि खिळे मारू नका.’