डिकीत मावेल असा

आमच्या मालकांचा, भाऊंचा हिशेब साधा होता. रत्नागिरी ते जयगड ही आमच्या साबण-बिस्किटांच्या एजन्सीची लाइन. चार सेल्समन, चार बिलबुकं आणि महिनाअखेरीस कार्बन कॉपीतला आकडा '१' की '७' यावरून होणारी भांडणं. टॅबलेट घेतले की भांडणं मिटतील. ऑफिसात कॉम्प्युटरला घाबरत नाही असा मी एकटाच, म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. बजेट विचारलं तर भाऊंनी २०११ सालच्या 'आकाश'चं नाव काढलं. ३५ डॉलरचा म्हणून गाजलेला तो सरकारी टॅबलेट त्यांनी पेपरात वाचला होता, आणि भाव वाढतात ही गोष्ट भाऊ फक्त विकताना मान्य करतात. 'आकाश'च्या पडद्याला नुसतं बोट लावून भागत नसे, दाबावं लागे, असं मी सांगितलं. आमच्यातले सर्वांत जुने सेल्समन काका म्हणाले, "मग बरंच की. कार्बनमुळे दाबायची सवय आहेच."

शोरूमच्या एसीत सगळेच टॅबलेट देखणे दिसतात. म्हणून तीन नमुने मागून घेतले आणि थेट गणपतीपुळ्याला नेले. श्रावण असल्यामुळे ऊन आणि पाऊस एकाच फेरीत मिळणार होते.

ऊन आधी मिळालं. पुळ्याचा देव पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. त्याच्या वाटेवरच्या काही टपऱ्याही तशाच. चारनंतर सूर्य सरळ गल्ल्यावर येतो. पत्रकात ज्याच्या उजेडाचं कौतुक ४०० निट्स म्हणून छापलं होतं, त्या पडद्यात काकांना स्वतःची मिशी तेवढी स्पष्ट दिसली. त्यांनी ती नीट केली आणि टॅबलेट परत दिला.

पावसाने मालगुंडात, केशवसुतांच्या गावात गाठलं. या टॅबलेटच्या काचा बोटाच्या स्पर्शाने होणारा विजेचा बारीकसा फरक ओळखतात, आणि पाण्याचा थेंब पडला तरी कधी कधी त्यांना बोटच आल्यासारखं वाटतं. आम्ही पागोळीखाली उभे. टपटप दोन थेंब पडले आणि साबणाच्या दोन पेट्यांच्या बावीस झाल्या. भाऊंना फोन केला तर म्हणाले, "राहू दे तशाच. टार्गेटला कमीच पडतंय."

दुसरा नमुना आयपी ६७ होता. म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. आरे-वारेच्या रस्त्याने रोज खारा वारा खात जाणाऱ्या यंत्राबद्दल पत्रकात अवाक्षर नव्हतं. बिघडला तर सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. म्हणजे टॅबलेटला आंबा घाट बघायला मिळणार, सेल्समन पुन्हा बिलबुकावर.

जीपीएसवर मात्र खरी सभा भरली. नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या स्वस्त टॅबलेटमध्ये अनेकदा जीपीएस नसतं, हे कळताच चौघांनाही एजन्सीच्या पैशांची अचानक काळजी वाटू लागली. "उगाच महागातला कशाला? नेट काय, आम्ही मोबाइलवरून देऊ." दुपारी दोन ते साडेतीन आरे-वारेच्या वळणावर कोण बसतं, हे भाऊंना कधीपासून जाणून घ्यायचं होतं. सिमकार्डवाला घ्यायचं ठरलं.

अर्थात सिम असून रेंज असतेच असं नाही. अंगारकीला गणपतीपुळ्यात इतकी गर्दी लोटते की रांगेतला प्रत्येक जण घरी फोटो पाठवत असतो आणि आमची ऑर्डर काही केल्या वर चढत नाही. तेव्हा ऑर्डर आधी टॅबलेटमध्येच साठली पाहिजे आणि पुढे रेंज आल्यावर गेली पाहिजे, ही माझी अट. काकांची अट आकाराची. दहा इंची टॅबलेट ठेवला की स्कूटरच्या डिकीत रेनकोट आणि डबा यांतलं एकच मावतं. रत्नागिरीत ऑगस्टमध्ये यांतलं काय घरी ठेवायचं, हे भाऊंनीच सांगावं. आठ इंची मंजूर झाला.

उरली गिऱ्हाइकाची पसंती. देवळाच्या वाटेवर कोकम आगळ, आंबापोळी आणि आमची बिस्किटं विकणाऱ्या काकूंच्या हातात काकांनी टॅबलेट दिला. "बघा काकू, नव्या मालाचे फोटो." काकूंना फोटोत रस नव्हता. "ही पाटी ठेव बाजूला, आधी मागची फुटलेली बाटली बदलून दे," म्हणता म्हणता त्यांनी बोट फिरवलं आणि पान मागे गेलं. तिथे शेजारच्या दुकानाची ऑर्डर.

"त्याला दहावर एक फ्री?"

काका गप्प.

"आणि मला बारावर?"

बिलबुकात प्रत्येक दुकानाचं पान वेगळं आणि बाकीचं झाकायला काकांचा अंगठा असायचा. काकूंनी मग शांतपणे आणखी चार दुकानं वाचली. कुणाची उधारी किती थकलीय ते मोठ्याने, म्हणजे समोरच्या टपरीलाही कळेल अशा आवाजात.

परत येताना काका आरे-वारेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो उन्हात न दिसणारा होता ना, तोच घ्या."