पन्नास रुपये आत, सातबारा बाहेर

धुळ्यात पर्यटन वाढलं पाहिजे याबद्दल कुणाचंच दुमत नाही. घोडं अडतं ते दाखवायचं काय, इथे. लळिंगचा किल्ला आहे, पण तो चढावा लागतो. पांझरा आहे, पण नदी म्हणून दाखवायची तर तिच्यात पाणी लागतं. अखेर विकासाचा ध्यास घेतलेल्या एका साहेबांना (असे साहेब प्रत्येक वॉर्डात एक असतात) तोडगा सापडला : जिल्हा कारागृह. ‘येरवड्याला जमतं, मग आपल्याला का नाही?’

येरवड्याला जमतं, हे खरं. २६ जानेवारी २०२१ पासून तिथे कारागृह पर्यटन सुरू झालं. शाळकरी मुलांना ५ रुपये, कॉलेजवाल्यांना १०, बाकीच्यांना ५०. आणि दाखवण्याजोगं काय म्हणाल, तर त्या बाबतीत धुळ्याची मान ताठ आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेचा एकेक अध्याय उलगडून सांगितला, साने गुरुजींनी तो लिहून घेतला आणि त्याची ‘गीता प्रवचने’ झाली. अठरा रविवार, अठरा अध्याय.

एवढ्यावर थांबले तर ते साहेब कसले! गाइड नेमायचे, सेल्फी पॉइंट करायचा, जर्मनच्या ताटलीत वरण-भात वाढायचा. शिवाय तेलंगणातल्या संगारेड्डीचा दाखला त्यांच्या खिशात तयार होता. तिथल्या जुन्या तुरुंगात २०१६ पासून ५०० रुपये भरून चोवीस तास कैदी होता येऊ लागलं. ‘लोक पैसे देऊन आत जातात हो!’ साहेबांचे डोळे पाणावले.

फाटकाशी आताही एक रांग असतेच, पण ती मुलाखतीची. शिरपूरहून पहाटेची एसटी धरून आलेली आई, हातात आधार कार्ड आणि आत घेतील की नाही याची खात्री नसलेली पिशवी. नंबर लागला की जाळीपलीकडे पोरगा. ‘जेवना का?’ ‘जेवनू.’ ‘तारीख कवय शे?’ एवढ्यात वेळ संपते. पर्यटकाला मात्र गाइड सगळं निवांत समजावून सांगणार आहे. आईनं मुलाखतीऐवजी सरळ ५० रुपयांचं तिकीट काढलं तर पोरगा जास्त वेळ दिसेल का, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही.

माझी खरी शंका वेगळीच होती. ५० रुपयांत आत सोडाल, ठीक. बाहेर कसं सोडणार?

कारण आतल्यांना बाहेर यायचा दर निराळा आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. त्यांच्यापैकी कुणाला जामीन मंजूर झाला की आपण म्हणतो, सुटला बिचारा. कसला सुटतो! इथून पुढे सातबारा सुरू होतो. जामीनदार हवा. जामीनदाराची ऐपत हवी. ऐपतीला दाखला हवा, दाखल्याला तहसील हवी, तहसीलला सातबारा हवा, तोही ताजा. सातबारावाला माणूस आधी ओळखीचा हवा, मग त्या दिवशी कापूस वेचायचा सोडून कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला राजी हवा आणि सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा नको. खान्देशात बोजा नसलेला सातबारा असेल तर तो दाखवा, ते पाहायला मी स्वतः ५० रुपये काढतो, हेच पर्यटन करा! आणि साक्री-शिरपूरच्या डोंगरातल्या पावऱ्यानं, भिलानं काय करायचं? तीन पिढ्या जमीन कसतोय, पण कागदावर ती जंगल. नशीब असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा वनपट्टा. तो पोराला वारशानं मिळतो, विकता येत नाही. आणि जे विकता येत नाही त्यावर ऐपत कोण ठरवणार? नात्यागोत्यात सगळे शेतकरी, सातबारा एकाच्याही नावावर नाही. न्यायाधीशानं ‘जा’ म्हटलेला माणूस बराकीतच, का? तर त्याच्या मामाकडे कागद नाही. याला शिक्षा म्हणत नाहीत. याला नाव नाही, म्हणून याची चीडही कुणाला येत नाही.

कायदे नाहीत असं नाही. २०२३ साली केंद्रानं गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची योजना काढली. जिल्ह्याच्या समितीनं नाव मंजूर करायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर म्हणतं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आधी कधीच दोषी न ठरलेल्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडा, आणि त्याचा अर्ज कोर्टात तुरुंगाच्या अधीक्षकानंच करायचा. म्हणजे पर्यटकांची तिकिटं फाडायच्या आधी त्या कचेरीला एक हिशेब करायचा आहे : कोण किती दिवस आत. साधी वजाबाकी, मग एक तृतीयांश. सहावीचं पोरगं करेल; ५ रुपयांत आत येणारच आहे, त्यालाच बसवा.

साहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. वहीत टिपून घेतलं : ‘पर्यटकांना बाहेर पडायला वेगळं दार ठेवणे.’