किलोच्या भावातलं गॅझेटियर

२ सप्टेंबर २०२५ला शासन निर्णय निघाला आणि निजामाच्या काळातलं एक दस्तऐवजी बाड थेट हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या चहाच्या टपरीवर येऊन बसलं. हैदराबाद गॅझेटियर! त्याआधी कुणी हे नाव घेतलं असतं, तर ‘नवीन पेपर निघाला का?’ म्हणून विचारलं असतं. आता शेंबडं पोरही गॅझेटियर म्हणतं. मराठा आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही, सदराची जागा छोटी आहे. पण त्यासाठी मुंबईचं आझाद मैदान पाच दिवस भरलं, तेव्हा मागण्यांच्या यादीत जुन्या कागदाचं नाव होतं, हे या तालुक्यातल्या प्रत्येक भंगारवाल्यानं चौकटीत लावून ठेवावं.

कारण त्याच्या काट्यावर सगळं वाङ्मय समान. पांडवप्रताप, गाईड, लग्नपत्रिका, एकच भाव.

२०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी शोधायला लागली आणि मराठवाड्यातल्या पेट्या उघडल्या. मोडी वाचणारा म्हातारा एका रात्रीत गावाचा जावई झाला. नोंद सापडली, की कागद गेला लॅमिनेशनला. म्हणजे तापल्या प्लॅस्टिकात कायमचा चिकटवून मारला. नाही सापडली, तर पेटीसकट भंगारात. जतनाचे आपल्याकडे हे दोनच मार्ग.

त्या पेट्यांतली उर्दू पुस्तकं बघा. १९१८ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षण उर्दूतून. हायस्कुलातही तीच तऱ्हा. मराठी घरातला आजा भूमिती शिकला ती उर्दूत. १९४८च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता गेली, पुस्तकं राहिली, वाचणारे संपले. मग माळ्यावर ती लिपी दिसली, की घरात कुजबुज : ‘कुराण दिसतंय, पाय लागू देऊ नका.’ जाणत्याला दाखवावं तर निघतं बीजगणित! गैरसमजापायी का होईना, वाचलं बिचारं. मराठी पुस्तकाच्या नशिबी तेवढाही धाक नाही.

आणि त्यालाच त्या धाकाची खरी गरज. छापलेल्या पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करायचा १८६७चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. निजामाच्या हद्दीत तो चालत नव्हता. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची १९४४ला छापली, ती अफाटच. पण हैदराबादेत छापलेलं एखादं चोपडं कुठल्याच यादीत नसेल, तर त्याचा पुरावा म्हणजे तुमच्या माळ्यावरची प्रत. ती गेली, की ते पुस्तक कधी निघालंच नव्हतं म्हणायचं.

वाचनालयं आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, वर्गासाठी ग्रंथसंख्या मोजतात. त्यामुळे पुस्तक दाखल नोंदवहीत अमर असतं. कपाटात वाळवी असते. इथला व्यापारी हळदीचं पोतं ओल्या जमिनीला टेकू देत नाही, खाली फळ्या टाकतो. पुस्तकांचे गठ्ठे मात्र पावसाळ्यात भिंतीला पाठ लावून बसलेले. हळदीला भाव आहे, म्हणून फळी आहे. एवढं सोपं अर्थशास्त्र.

बरं, जतन म्हणजे रॉकेटविद्या नाही. सेलोटेप लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. सुती कापडात बांधा, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, अधूनमधून उघडून झटका. आजीनं पोथी अशीच सांभाळली, अनुदान न मागता.

पण फुकटचा सल्ला कोण ऐकतो? त्यापेक्षा एक अफवा सोडू या : १९४८पूर्वीच्या छापील पुस्तकाच्या धारकाला खात्यात थेट अनुदान. आठ दिवसांत भंगारवाल्याच्या दारात रांग लागेल, गेलेली पुस्तकं दुपटीनं परत घेतली जातील आणि सेतू केंद्राचं सर्व्हर बंद पडेल. एजंट तर अर्ज छापूनही मोकळा होईल. त्या अर्जाची एक प्रत मात्र कुणीतरी जपून ठेवा.