ठिपकेवाला

सगळं व्यवस्थित आहे म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, असा माणूस बघायचा असेल तर आमच्या डहाणूत या. चिकूवाडीच्या कडेला, कौलारू घराच्या ओटीवर, पाटावर लॅपटॉप ठेवून तो बसलेला दिसेल. धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मोडून दाखवायचा आणि वर पगार घ्यायचा. हा प्राणी इथे अलीकडचा. एप्रिल 2013 मध्ये चर्चगेटची लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली आणि इथली मुलं मुंबईत नोकरी करून रात्रीच्या जेवणाला घरी यायला लागली. पुढे करोना आला, तेव्हा ती ऑफिसच पाठीवरच्या पिशवीत घालून घेऊन आली. काही परत गेली. हा गेला नाही.

त्याच्या पडद्यावर चित्र नसतं, बटण नसतं. काळी पाटी आणि लुकलुकणारी एक रेघ. किराणावाले शेठ उधारीची आठवण करून द्यायला आले की न चुकता विचारतात, "बंद पडला के?" हा एक ओळ टाइप करतो, एंटर दाबतो आणि हाताची घडी घालून बसतो. मग पडद्यावर ठिपके उमटायला लागतात. एक, चार, दहा, ओळभर, पानभर. घरच्यांना दिसणारी नोकरी ती एवढीच. "ठिपके काढायचे इतके पैसे मिळतात, तर गंजाडच्या म्हसेबाबांना किती द्यायला हवे होते!" असं वडील एकदा म्हणाले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि गंजाड आमच्याच तालुक्यात. तेव्हा टोमणा बरोबर जागी बसला.

आता प्रकार असा, की प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला त्याने स्वतः शेकडो छोटे छोटे प्रोग्राम लिहून ठेवलेले आहेत. एकाचं काम एवढंच, की नाव न भरता फॉर्म पाठवला तर तो परत येतो का ते बघणं. दुसरा 29 फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय मोजून घेतो. पायटेस्ट नावाचं अवजार एका हुकमासरशी सगळं फोल्डर धुंडाळतं, ज्या फायलींच्या नावाची सुरुवात 'टेस्ट'ने होते त्या गोळा करतं आणि आतल्या चाचण्या ओळीने चालवतं. पास झाली की ठिपका, नापास झाली की एफ. हुकमापुढे डॅश एक्स लिहिलं तर पहिल्याच एफला गाडी थांबते. डॅश डॅश एलएफ लिहिलं तर गेल्या खेपेला नापास झालेल्यांनाच तेवढं पुन्हा बसवतं. (आमच्या वेळी याला ऑक्टोबर म्हणत.)

ठिपक्यांची पाचवी ओळ भरली की गडी अस्वस्थ होतो. इतकं चांगलं कसं चाललंय? कुठे पाणी मुरतंय? आणि मध्येच एक लाल एफ उमटला, की मांडी बदलून आत हाक मारतो, "आई, चहा टाक!" खलबत्त्यात आलं कुटल्याचा आवाज आला, की आम्ही शेजारी समजतो : आज कुठल्या तरी बँकेचं काही तरी मोडलं.

त्याच्या वृत्तीला मोठ्यांचा आधार आहे. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने 1969 च्या सुमारासच सांगून ठेवलंय, की चाचणी घेऊन चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. हे वाक्य त्याला इतकं सोयीचं पडलंय, की वाडीतला पंप दुरुस्त झाला का, गॅसचा नंबर लावला का, कशालाही "झालं" असं उत्तर तो देत नाही. "अजून तरी काही सापडलं नाही," म्हणतो.

दुसरी दंतकथा विमानाची. ही खरी घडलेली आहे. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात शेजारी बसून जेयुनिट लिहायला घेतलं, आणि आजची बहुतेक चाचणीची अवजारं त्याच वळणाची आहेत. हे ऐकल्यापासून आपणही प्रवासात काही तरी अजरामर लिहावं असं त्याच्या मनात आहे. डहाणूहून चर्चगेट अडीच तासांच्या घरात, म्हणजे वेळेची ददात नाही. पण पालघर-सफाळ्याला जी गर्दी आत येते, ती पाहता झुरिकच्या विमानात कोणी "जरा सरकून घ्या" म्हणत चौथ्या सीटवर बसत नसावं, असा निष्कर्ष त्याने काढलाय.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचा मुलाच्या धंद्यावर एक मूलभूत आक्षेप आहे. सगळ्या चाचण्या पास झाल्या की हे अवजार शेवटी परतीचा आकडा देतं शून्य. एक जरी नापास झाली तर एक. मध्येच कोणी बंद पाडलं तर दोन. "शून्य मिळालं म्हणून नाचणारा मुलगा माझ्या पोटी यावा!" असं त्या वाण्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, कोणालाही सांगतात. पाच या आकड्याबद्दल मात्र त्यांना आदर आहे. एकही चाचणी सापडली नाही, म्हणजे कोणी परीक्षेलाच बसलं नाही, तर पायटेस्ट पाच देतं. काहीही न तपासता 'सर्व ठीक' असा शेरा मारून निघून जायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. शाळा तपासायला आलेले आणि पोहे खाऊन गेलेले साहेब त्यांनी पुष्कळ पाहिलेत.

घरात खरी ठिणगी पडते ती जेवताना. साध्या माणसासारखी तक्रार त्याला करताच येत नाही. धंद्यात तक्रार लिहायची रीत ठरलेली असते, ती तो ताटावर वापरतो. "कृती : वांग्याचा घास घेतला. अपेक्षित : मीठ. प्रत्यक्षात : मीठ नाही. तीव्रता : मध्यम. दर वेळी घडतं का : हो, तीन घासांत तीनदा." आई शांतपणे उष्टं न करता तळहातावर रस्सा घेऊन चाखतात आणि म्हणतात, "माझ्या जिभेवर बरोबर लागतंय." जगातला प्रत्येक प्रोग्रामर टेस्टरला हेच उत्तर देतो, माझ्या मशीनवर चालतंय म्हणून. बाईंना ते कोणी शिकवलेलं नाही.

त्याचा गर्व उतरतो तो तलासरीला, मामाकडे. मामाचं घर धुंदलवाडीच्या पलीकडे. नोव्हेंबर 2018 पासून त्या पट्ट्यात जमीन हलायला लागली. लहान-लहान धक्के, कधी दिवसातून अनेक. 1 फेब्रुवारी 2019 ला चारच्या वरचा बसला. माणसं थंडीत अंगणात झोपली, प्रशासनाने तंबू दिले, शास्त्रज्ञांनी भूकंपमापक आणून बसवले. मामाने त्याआधीच स्वतःचं यंत्र बसवलं होतं : फडताळावर उपडा पेला, त्यावर पेला, त्यावर वाटी. खडखडलं की उठायचं. टेस्टर भाचा यावर बेहद्द खूश. त्याने लगेच खोट काढली, की मुंबई-अहमदाबाद हायवेचे ट्रेलर गेले तरी वाटी वाजणार. मामा म्हणाला, "वाजते ना. पण ट्रेलरने कोंबड्या उठत नाहीत." दोन साक्षीदार जुळल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा नियम भाच्याच्या कंपनीत बैठका घेऊनही अजून ठरलेला नाही.

त्यांच्या धंद्यात 'फ्लेकी' म्हणून एक जात असते. कोड तोच, चाचणी तीच, पण सकाळी पास आणि दुपारी नापास. घड्याळामुळे, नेटमुळे, आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या कचऱ्यामुळे. अशी नापास झाली की शंभरातले नव्वद टेस्टर कारण शोधत नाहीत, तीच पुन्हा चालवतात आणि हिरवं आलं की मान वळवतात. भाच्याने हे मामाला मोठ्या तत्त्वज्ञानाच्या आवाजात समजावलं. तुमची जमीन, म्हणाला, फ्लेकी आहे. मामाने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. "आमच्याकडे नापास झालं की पुन्हा चालवून बघत नाहीत," म्हणाला, "बाहेर पळतात."

भाच्याचा आदर्श मात्र संगणकवाला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. इथल्या 500 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या धुरातला गंधकाचा वायू काढून घेणारी यंत्रणा बसवा, हा आग्रह प्राधिकरणाने सोडला नाही. ती 2007 मध्ये सुरू झाली. "एवढी वर्षं एक एफ लाल ठेवायचा," टेस्टर म्हणतो, "आणि वरून कितीही फोन आले तरी स्किप मारायचा नाही! आमचा मॅनेजर शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटं थांबत नाही." स्किप म्हणजे चाचणीच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की अवजार तिला वगळून पुढे जातं, ठिपक्याऐवजी बारीकसा एस उमटतो. रिलीजच्या रात्री एसचं पीक फार येतं.

अशाच एका शुक्रवारी सगळे ठिपके आले. एफ नाही, एस नाही. त्याने आपल्या धंद्यातलं शेवटचं हत्यार काढलं : चांगल्या कोडमध्ये मुद्दाम चूक घालायची आणि चाचण्या ओरडतात का ते बघायचं. ओरडल्या नाहीत, तर पहारेकरीच झोपलाय. हे त्याने आईलाही उत्साहाने समजावलं, की मूळ माल नव्हे, तपासनीस तपासायचा असतो. आईंनी "असं होय," म्हटलं आणि आत गेल्या.

रात्री ताट वाढलं. एक डोळा पडद्यावर ठेवून तो जेवला. आमटी दोनदा मागून घेतली, भातावर पुन्हा एकदा ओतून घेतली. हात धुऊन परत पाटाशी आला.

"कशी होती आमटी?" आईंनी विचारलं.

"पास."

"मीठ घातलं नव्हतं."

त्याने पडद्यावरून मान वर केली. आईंनी ताट उचललं.

"शून्य देत नाही तुला," त्या म्हणाल्या. "पाच."