हरित व्यायामवीर

आमच्या शहरातल्या गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी पहाटे जो समुदाय जमतो त्यात धापा टाकणारे, टाळ्या पिटणारे आणि महापालिकेचे वाभाडे काढणारे असे नाना पंथ असले, तरी अलीकडे उदयास आलेला हरित व्यायामवीर त्या सर्वांहून निराळा. कारण इतरांची दृष्टी टेकडीच्या माथ्याकडे लागलेली असते, ह्याची समोरच्याच्या मानेपाशी उलटलेल्या लेबलाकडे.

हा गृहस्थ बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असतो, आणि उभी हयात दफ्तरात गेल्यामुळे टी-शर्टाची खरेदीदेखील रीतसर तजविजीवाचून त्याच्याने होत नाही. गुलमंडीवरच्या दुकानात त्याची पहिली हरकत बांबूच्या कापडावर, कारण ते सूत रसायनांच्या कढईतून निघते, सबब बांबू केवळ नावापुरता. दुसरी जुन्या बाटल्यांपासून बनलेल्या पॉलिएस्टरवर, कारण बाटलीचे पाप फिटले तरी ते दर धुण्यागणिक सूक्ष्म तंतू सोडते आणि ते तंतू खाम नदीतून थेट गोदावरीच्या भेटीस निघतात. आणि सेंद्रिय कापूस पुढे आलाच, तर ‘गॉट्स’ ह्या सेंद्रिय वस्त्रांच्या प्रमाणपत्राच्या शिक्क्यालाही निदान 70 टक्के सेंद्रिय तंतूंचीच अट असते, उरलेल्या 30 टक्क्यांचा जाबजबाब कोण देणार, असा सवाल तो टाकतो. ‘‘साहब, आखिर आना तो पसीनाच है ना?’’ हा दुकानदाराचा अर्ज दप्तरी दाखल होतो.

अखेर वस्त्र घरी येते व त्याच्या संगोपनाचे फर्मान सुटते: उलटे करून, थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात, हलक्या हाताने धुवावे; सुगंधी कंडिशनर वर्ज्य, कारण त्याचा लेप बसला की कापड घाम टिपेनासे होते; पिळू नये; सावलीत वाळवावे. ह्या कलमांत खोट काढणे अवघड आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अडचण फक्त पाण्याची. कारण पैठणचा नाथसागर तुडुंब भरला तरी कित्येक दिवसांआड नळ येण्याची ह्या शहरास वर्षानुवर्षांची सवय. म्हणून नळाच्या दिवशी आमचा वीर टेकडीस रजा देऊन तळमजल्यावरच्या हौदापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या वाहतो, मांड्या थरथरेपर्यंत वाहतो, आणि अंगातून घामाच्या धारा लागतात. मात्र त्या समयी अंगावर असतो तो खांद्याशी उसवलेला जुना गंजीफ्रॉक. नवे वस्त्र घामेजले तर ते धुण्यास आणखी पाणी कोठून आणावे, ह्या त्याच्या युक्तिवादाचे खंडन जिन्यात उभ्या असलेल्या त्याच्या सहधर्मचारिणीसही अद्याप साधलेले नाही.