फरशीखालचे गृहस्थ

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यालगत एक फरशी आहे. तिच्यावर पाय पडला की पोकळ आवाज येतो, 'ठप्प'. पाहुणे दचकतात. कामाच्या मावशी मात्र तिथे फडका जरा हलक्या हातानं फिरवतात. खाली कोण आहे, ते त्यांना ठाऊक आहे.

वास्तुशांतीला गुरुजी म्हणाले, आग्नेयेला खड्डा हवा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जरा खोल खणलं असतं तर वास्तुपुरुष थेट खालच्या काकूंच्या पंख्यावर उतरला असता. शेवटी गवंड्यानं एक फरशी उचकटली, तीनेक बोटं खरवडली, गुरुजींनी धान्या-फुलांसोबत प्रतिमा पालथी ठेवली आणि गवंड्यानं, जेवायची वेळ झाल्यामुळे, फरशी घाईघाईनं दाबून बसवली. तो 'ठप्प' त्या घाईचा.

प्रतिमा बोटभर, पण गृहस्थांचा पसारा घरभर. डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला, अंगावर 81 घरं आखलेली आणि त्यांत 45 देव, मधोमध ब्रह्मदेव. आकाश आणि पृथ्वी दोन्ही अडवून बसलेलं ते एक भूत होतं म्हणे. देवांनी त्याला उपडं पाडलं, आणि ज्याच्या हाती जो अवयव लागला, त्यावर तो कायमचा बसला. म्हणजे अख्खा देवलोक आमच्या साडेपाचशे फुटांत. बिल्डरला हे सुचलं नाही, नाहीतर चौरस फुटामागे भाव वाढवला असता.

आजीचं या गृहस्थांशी फार सूत होतं. 'वास्तू तथास्तु म्हणते,' म्हणून घरात अभद्र बोलायची चोरी. तांदूळ संपले म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, तोही वाढवायचा. रिकामा डबा घेऊन मी वाण्याकडे जायचो आणि सांगायचो, आजीनं सांगितलंय, तांदूळ वाढलेत. तो निमूटपणे पाच किलो मोजायचा. दक्षिणेकडे पाय करून झोपलं की तीच आजी ओरडायची. नैर्ऋत्येला पाय ताणून पडलेल्या या गृहस्थांना मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त तर कमालच केली आहे. घरधनी प्रश्न विचारायला आला आणि त्यानं आपला एखादा अवयव खाजवला, तर वास्तुपुरुषाच्या त्याच अवयवाखाली जमिनीत काहीतरी शल्य आहे असं समजावं. हाड, लाकूड, काहीही. मला हे वाचून फार बरं वाटलं. घराला खुपतं आणि खाज मला सुटते, याहून जवळचं नातं कोणतं? परवा हातात होकायंत्र घेऊन एक सल्लागार आले होते. त्यांच्यासमोर मी डास चावला म्हणून गुडघा खाजवला; त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांनी संडास चुकीच्या दिशेला असल्याचं सांगितलं आणि पाडापाडीचा आकडा काढला. जुन्या लोकांना घर अंगासारखं वाटायचं. यांना ते पेशंट वाटतं, तेही विमा काढलेलं.

अंगासारखं वाटणारच, मोजलंच मुळी अंगानं. 24 अंगुळांचा एक हात, आणि त्या हातानं घरं आणि देवळं. देवळाच्या भिंतीला जंघा म्हणतात, वर शिखर, त्यावर मान आणि आत गर्भगृह. अंबरनाथला शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं शिवमंदिर आहे. तिथं गर्भगृहात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जमिनीच्या पोटातच शिरल्यासारखं. तळाशी काळोख, ओल, पिंडीवरची बेलाची पानं. आणि मान वर केली, तर डोक्यावर छप्पर नाही, अंबरनाथाचं अंबर. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. ब्रह्मांड आठवलं ते पायऱ्या चढताना, आणि ते गुडघ्यामुळे.

तेव्हापासून तो दुखतोय. काल रात्री पाणी प्यायला उठलो, तर नेमका त्या फरशीवर पाय पडला. ठप्प. आसपास कुणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणालो, "गुडघा अगदी बरा आहे हो माझा."

"अहो, कुणाशी बोलताय?" आतून आवाज आला.

"कुणाशी नाही. दिवा वाढवतोय."