सांध्याची राखण

आच लागली की तांबं आधी लाजतं आणि मग रुसतं. गुलाबी, तपकिरी, जांभळट अशा छटा अंगावरून क्षणभर फिरतात आणि पाहता पाहता नळी काळीठिक्कर पडते. हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटलेला असतो. त्या काळ्या सालीवर ब्रेझिंगचा रॉड वितळवला तर त्याचा नुसता गोळा होऊन बसतो, सांध्यात म्हणून शिरत नाही. यासाठी फ्लक्स. लग्नघरात रुखवताच्या खोलीपाशी किल्ली कमरेला खोचून बसलेली आत्या असते ना, तसा तो सांध्यावर ठाण मांडतो आणि हवेला फिरकू देत नाही. कार्य उरकल्यावर आत्याचा मुक्काम लांबला की घराला जे होतं, तेच तांब्याला. मागे राहिलेला फ्लक्स धातू खात बसतो. गरम पाणी आणि ब्रश घेऊन त्याची मानाने पाठवणी करावी लागते.

फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे मी, या वयात, हे शिकायला जातो. ज्योत नळीवर धरायची, रॉडवर नाही, हा पहिला धडा. तांबं वितळतं १०८५ अंशांना, फॉस्फरसचा रॉड ७१०च्या पुढे. मधल्या अंतरात सगळी विद्या. नळी मंद लाल झाली की रॉड नुसता टेकवायचा. केसाएवढ्या फटीत तो आपणहून ओढला जातो, वेळ पडली तर उलटा वरसुद्धा चढतो. ते पाहताना मी दर वेळी श्वास रोखतो, आणि मिस्त्री माझ्याकडे पाहून मिशीत हसतात.

फ्लक्स कोणता घ्यावा, हे मी मोठ्या तयारीने विचारलं. “तांब्याला तांबं जोडायचंय ना काका? मग कुठलाच नको.” रॉडमधला फॉस्फरसच ऑक्सिजन ओढून घेतो. पितळी व्हॉल्व्ह आला की मात्र जस्तापुढे त्याचं काही चालत नाही. तिथे फ्लक्स लागतोच.

तो आणायला गेलो तर पावडरच्या डबीवर टाकणखाराचं नाव. आजीच्या फडताळात याचीच लाही असायची. तोंड आलं की मधातून जिभेवर. एके काळी हा खार तिबेटातल्या सरोवरांच्या काठावरून, मेंढ्यांच्या पाठीवर लादून, हिमालयाच्या खिंडींतून खाली येई. मिस्त्रींनी बजावलं होतं, पेस्टच घ्या, ज्योतीच्या झोताने पावडर उडते. खरं आहे त्यांचं. पण मी पावडरच घेतली. एवढा डोंगर ओलांडून आलेल्या मेंढ्यांना दुकानाच्या पायरीवरून परत कसं पाठवायचं?